फिटल्यावर सांगायचं

राजवीरचा घोळणा फुटला तेव्हा विश्वजित दुकानात एका बुलेटच्या सीटवर नवं रेक्झिन ओढत होता. शाळेच्या रिक्षावाल्यानं दारातच रिक्षा थांबवून हाक मारली, आणि चार वर्षांचं पोर खाली उतरलं ते शर्टाच्या छातीवर रक्ताचा लांब ओघळ घेऊन. रडत नव्हतं. नाकाला रुमाल दाबून उलट ऐटीत उभं होतं, कारण रिक्षातली सगळी पोरं त्याच्याकडं बघत होती. विश्वजितच्या चिमटीतली रेक्झिनची कड सुटली. उठावं, पोराला उचलावं, एवढंही त्याला सुचलं नाही. दुकानात बरीच वर्षं कामाला असलेले शमशुद्दीनचाचा उठले, त्यांनी पोराला बाकड्यावर बसवलं, टाळूवर गार पाणी थापलं, बुक्कीनं कांदा फोडून नाकाशी धरला. रक्त थांबलं. संध्याकाळी डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, ऑक्टोबरचं ऊन आहे, नाक कोरडं पडतं, पोरानं नख लावलं असेल, काही नाही. हे 'काही नाही' विश्वजितनं मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत डोक्यात घोळवत आणलं. गेल्या वर्षी पावसाळ्यात प्रियदर्शनीला ताप भरला तेव्हा पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणाले होते, ती स्वतःसुद्धा. मग एका सकाळी ती दात घासून आली आणि बेसिनमधला लाल फेस दाखवत म्हणाली, "हे बगा की, काय झालंय." डेंग्यू होता. प्लेटलेट उतरत गेल्या, पिशव्या चढत गेल्या, आणि आठवडा उलटायच्या आत घरात तो आणि दोन पोरं एवढेच उरले. तेव्हापासून लाल काही दिसलं की त्याच्या पोटात खड्डा पडायचा. टोमॅटोचा रस सांडला तरी.

रक्ताचा शर्ट आक्कानं धुवायला घेतला. आक्का त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडं राहायची, सकाळ-संध्याकाळ येऊन भाकऱ्या थापून जायची. नळाखाली शर्ट चोळता चोळता ती म्हणाली, "विशू, तुज्या बायकोचा नवस ऱ्हायलाय. ध्यानात हाय न्हवं?" त्याच्या ध्यानात होता. ध्यानात नव्हतं ते एवढंच, की नवस कसला आणि कुठल्या देवाला. राजवीरच्या वेळी प्रियदर्शनी बाळंतपणाला कुरुंदवाडला, माहेरी गेली होती, आणि तिच्या कळा सुरू व्हायला आणि महापूर यायला एकच गाठ पडली. गावाला चारी बाजूंनी पाणी, कोल्हापूरचे रस्ते बंद, विश्वजित इकडं घरात फोन हातात धरून येरझाऱ्या घालत होता आणि तिकडं तिला नावेत घालून पलीकडं काढली. पोरगं जन्मलं ते अशक्त, किती तरी दिवस काचेच्या पेटीत होतं. पाणी उतरल्यावर तो कसाबसा पोचला तर ती खाटेवर बसून पहिलं वाक्य बोलली, "मी नवस बोललोय. पोरगं हाताला लागलं की फेडायचा." कुठल्या देवाला, म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, "सांगायचं नसतंय. फिटायच्या आत सांगितला तर लागत न्हाय. फिटल्यावर सांगतो." पोरगं हाताला लागलं, रांगायला लागलं, पळायला लागलं. ती अधूनमधून म्हणायची, चला की एक रविवार. पण दुकानाची सुट्टी सोमवारी आणि पोरांची रविवारी, आणि रविवारीच गाड्यांची रांग लागायची. तो म्हणायचा, जाऊया की, देव कुठं पळून चाललाय. देव कुठंच गेला नाही.

आक्काचं म्हणणं सरळ होतं. नवस पोरावर बोललेला, फेडायचा राहिला, आता पोराच्या अंगावर निघायला लागला. विश्वजितचा अशा गोष्टींवर विश्वास होता असं नाही, आणि नव्हता असंही नाही. बायको असती तर तो आक्काला हसला असता. आता हसायला भीती वाटली. त्यानं कुरुंदवाडला सासूला फोन लावला. अंबूबाई म्हणाल्या, "मला काय ठावं, पावणं? नवस कोण कुणाला सांगतंय? नावेत बसून हात जोडून कायतरी पुटपुटालती, पर पाण्याचा आवाज केवढा, आणि ही क्रांती माज्या मांडीवर रडालती." क्रांती त्याची थोरली, तेव्हा चार वर्षांची होती, आता आठ संपलेली. नावेत, हात जोडून, असं ऐकल्यावर त्याच्या डोक्यात पहिलं नाव कुरुंदवाडसमोरच्या काठावरच्या नृसिंहवाडीचंच आलं. त्यानं ते मागं ढकललं. मनाशी म्हणाला, पेटीत पोर असताना बोलली असेल, मग जोतिबालाच बोलली असेल, आमचं कुलदैवत ते. वाडी शेवटाला ठेवू. शेवटाला ठेवण्याचं कारण त्याला चांगलं माहीत होतं, पण ते तो स्वतःलाही उघड सांगत नव्हता.

अशा तऱ्हेनं पोरांच्या सहली सुरू झाल्या. रविवारी दुकान चाचांवर सोपवायचं, मागच्या सीटा काढून माल वाहायला ठेवलेली ओम्नी धुवायची, सीट परत बसवायची, आक्कानं दिलेला डबा घ्यायचा आणि निघायचं. जोतिबाला गेले, पोरं डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं माखली. आदमापूरला गेले. टेंबलाईच्या टेकडीवर गेले, तिथं राजवीर उतारावरनं गडगडत खाली आला आणि विश्वजित मागून ओरडत पळाला, लोक उभे राहून बघायला लागले. मसाईच्या पठारावर गेले तेव्हा सगळं पठार पिवळ्या फुलांनी भरलं होतं. पोरांनी असं काही बघितलेलं नव्हतं. क्रांती फुलांत उताणी पडली आणि हात पसरून आभाळ बघत राहिली, राजवीर तिच्याभोवती विमान होऊन पळत राहिला, वारा असा की त्याचा आवाज येण्याआधीच उडून जायचा. विश्वजितला फुलं दिसली नाहीत असं नाही. पण फुलांच्या खाली साप असतो. पठाराला कडा असतो. दोन्ही डोकी एका नजरेत ठेवायची म्हणजे मान एका जागी ठरत नाही. तो काठीनं गवत आपटत त्यांच्याभोवती फिरत राहिला, आणि देवीच्या लहानशा देवळात नारळ ठेवून तेच म्हणाला जे सगळीकडं म्हणत होता, जो काय असेल तो नवस, हा घे, पोराला सोड. परतताना गाडीत क्रांतीनं विचारलं, "पप्पा, फिटला आज?" सहलींचं कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. आक्काचं बोलणं ऐकलं असणार. तो म्हणाला, "कुणास ठाऊक." तिनं खिडकीबाहेर बघितलं. "मग पुढच्या रविवारी कुटं?" तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याला वाटलं, पोरीला नुसती भटकायची चटक लागली आहे. त्याला तिचा थोडा रागही आला. आपण इथं जीव मुठीत धरून फिरतो आणि ही मजा करते. मग लगेच वाटलं, मजा करू नये का तिनं? मग कुणी करायची?

चाचा एकदा टाचणी दातात धरून म्हणाले, "विशू, मन्नत आमच्यात बी असती. पर सगळ्या दारात जाऊन 'आमचं काय तुमच्याकडं हाय का' असं इचारत फिरणारा तूच पैला." तो हसला. पण चाचा हसत नव्हते. ते त्याच्या हातातल्या कामाकडं बघत होते. तो गाडीच्या सीटबेल्टचा जुना पट्टा कापून त्याला दोन्ही टोकांना मनगटाएवढी कडी शिवत होता. एक कडं स्वतःच्या मनगटाला, दुसरं राजवीरच्या, बक्कलसकट. शिलाई अशी दुहेरी मारली होती की बैल बांधला तरी उसवणार नाही. टेंबलाईनंतर त्याला ते सुचलं होतं. पट्टा बांधल्यापासून त्याला जरा झोप लागायला लागली. लोक टोकायचे. पन्हाळ्यावर एक म्हातारा म्हणाला, "ओ पावणं, पोरगं हाय का कुत्रं?" राजवीर लगेच भुंकून दाखवायचा. त्याला पट्ट्याचं काही वाटत नव्हतं. दुकानात वळकटीवर बसून तो दिवसभर बक्कलं उघडायचा, लावायचा, आणि विश्वजित कौतुकानं म्हणायचा, बघा चाचा, बोटं बघा कशी चालतात.

आणि मग जानेवारीतल्या एका रविवारी जायला दुसरं काही उरलं नाही. आदल्या आठवड्यात पोराचा घोळणा पुन्हा फुटला होता, थोडासाच, उशीवर रुपयाएवढा डाग. आक्कानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाली, "वाडीलाच जायचं हुतं पयल्यांदा. कवाधरनं सांगालतो." विश्वजितनं डबा सीटखाली सरकवला. ओम्नीत क्रांती बोलत नव्हती. एरवी ती हातकणंगले येईपर्यंत दहा प्रश्न विचारायची. आज तिनं एकच विचारला, नदीत नाव असेल का, म्हणून. तो म्हणाला, आपण देवळात चाललोय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस, उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं मागं हळूहळू जाताना त्याच्या तळहाताला घाम सुटला आणि स्टीअरिंग चिकट झालं. त्याला पाण्याची भीती होती. लहानपणी पेठेतली सगळी पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली, त्याला मात्र चुलत्यानं विहिरीत ढकललं, तसंच शिकवायची पद्धत होती, कमरेला दोर होता, पण दोराची गाठ सुटली. वर काढेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. हिरवं पाणी, कानात भरलेला एक जाड आवाज, आणि वर कुठंतरी लोक हसत होते, कारण त्यांना गाठ सुटल्याचं कळलं नव्हतं. ते हसणं त्याला अजून ऐकू यायचं. त्यानंतर तो नदीत गुडघ्याच्या वर गेला नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा प्रियदर्शनी म्हणाली, वाडीवरनं नावेनं जाऊया, मजा येते. तो म्हणाला, पुलावरनं जाऊ. ती एवढी हसली की रस्त्यात बसली. पुढं तो तिचा कायमचा विनोद झाला. दाढी करताना, रस्त्यात डबकं दिसलं तरी, "बगा, नाव बोलवू का?"

आणि तिच्या अस्थी घेऊन सगळे इथंच आले होते. मेहुणा मडकं घेऊन नावेत चढला, भटजी म्हणाले, नवऱ्यानं यावं. विश्वजितनं एक पाय पुढं टाकला. फळी हलली. तो म्हणाला, मला चक्कर येते. कुणी काही म्हटलं नाही, दुःखात माणसाला चक्कर येतेच. नाव संगमाच्या मध्यावर गेली, मेहुण्याचा हात वर झाला, खाली आला, आणि तो पायऱ्यांवर उभा राहून बघत राहिला. वाडी शेवटाला ठेवायचं कारण हे होतं.

देवळात गर्दी होती, पण रांग सरकत होती. पादुकांपुढं त्यानं नारळ ठेवला आणि तेच शब्द म्हणाला. काही हललं नाही, आत नाही, बाहेर नाही. बाहेर येऊन पोरांना पेढे दिले, वाटीभर बासुंदी दोघांत दिली आणि घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, त्यांना घेऊन बसला. खाली पाणी ऊन पिऊन पडलं होतं. नावा लागत होत्या, सुटत होत्या. इचलकरंजीकडची एक मोठी मंडळी आली होती, सुना, पोरं, डबे, सतरंज्या, आणि त्यांच्यात एक तोंडाळ म्हातारी, जिला सगळे तानाबाई, तानाबाई म्हणून हाका मारत होते. क्रांतीनं दशमीचा तुकडा तोडला आणि तसाच हातात ठेवला.

"पप्पा, खाली जाऊया. नुसतं पाय बुडवून यीन."

"नको. शेवाळ असतंय."

"लोक बसलीत की."

"लोकांचं लोकांना."

"मग आलोय कशाला?"

तो बाटलीतलं पाणी ओतून राजवीरचे बासुंदीचे हात धुवायला लागला. पट्टा भिजू नये म्हणून त्यानं तो आपल्या मनगटावर वर सरकवला. पोराचे हात पुसले, तोंड पुसलं, डब्याचं झाकण लावायला वळला. झाकण बसत नव्हतं, चटणी कडेला लागली होती, ती त्यानं बोटानं काढली. परत वळला तेव्हा पट्ट्याचं दुसरं टोक पायरीवर पडलं होतं, बक्कल उघडं. पोरगं नव्हतं. तो क्षण त्याला पुढं पुष्कळ दिवस आठवला, आणि आठवायचं ते हे की आधी त्यानं बक्कल तुटलं का ते बघितलं. तुटलं नव्हतं. व्यवस्थित दाबून उघडलं होतं. मग त्याच्या कानात तो जाड आवाज भरला, विहिरीतला, आणि घाटावरची सगळी माणसं ओठ हलवत राहिली पण बोलणं ऐकू येईना. क्रांतीनं त्याचा हात ओढला. तिनं बोट दाखवलं. इचलकरंजीच्या मंडळींनी भरलेली नाव काठापासून सुटत होती आणि पुढच्या टोकाला, दोन बायकांच्या मधे, राजवीर त्यांच्याच घरचा असल्यासारखा बसला होता.

पायऱ्या कशा उतरला ते त्याला कळलं नाही. "थांबवा! माझं पोरगं हाय त्यात! उतरवा त्याला!" बांबू धरून उभा असलेला नावाडी, गुंडू म्हणून त्याला कुणी हाक मारत होतं, निवांत म्हणाला, "कुणाचं हाय हे पोरगं? तुमचं न्हाय व्हय तानाबाई?" म्हातारी म्हणाली, "आमच्यात इतकी हायती, मला काय ठावं!" सगळी नाव हसली. विश्वजित ओरडला, "मागं घ्या नाव!" "आता मागं घेतली की गाळात रुतती, पावणं. तुमीच या की. गुडघाभर बी पाणी न्हाय. जागा हाय." नाव इंच इंच सरकत होती. राजवीर हात हलवत होता. विश्वजित शेवटच्या पायरीवर उभा होता, पाणी बुटांच्या टोकांना लागत होतं, आणि त्याला पक्कं कळत होतं की आपला पाय उचलणार नाही. अस्थींच्या वेळी उचलला नव्हता. आताही उचलणार नाही. पोरगं पलीकडं जाईल आणि आपण इथं उभे राहून बघू. तेवढ्यात क्रांती पाण्यात उतरली. चपला घालूनच, सरळ, त्याचा हात न सोडता. तिनं ओढला म्हणून पहिला पाय गेला. दुसरा त्याच्या मागून गेला. पाणी गार होतं, पॅन्टच्या पायांत शिरलं, खालची वाळू टाचेखालून निसटली. गुंडूनं दंडाला धरून त्याला वर घेतलं, पोतं चढवावं तसं, आणि क्रांती आपण होऊन चढली.

नाव डगमगली. तो फळीवर न बसता नावेच्या तळाशी बसला, दोन्ही हातांनी पोट आवळून, गुडघे छातीशी घेऊन. "जाकीट," तो म्हणाला. "जाकीट हाय का पोरांना?" गुंडू म्हणाला, "हायत की. तुमी बसलाय त्येंच्यावर." खरंच, त्याच्या बुडाखाली नारिंगी जाकिटांचा ढीग होता. तानाबाईनं त्याच्याकडं वाकून बघितलं, चुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, बसलाय बगा कसा! पोट धरून! जसं काय बाळंतपणालाच निघालाय!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, सुना हसल्या, गुंडू हसला, राजवीरला काही कळलं नाही पण तोही हसला. विश्वजितनं हात पोटावरनं काढले नाहीत. त्याला एकदम कळलं की ती इथंच बसली होती. याच पाण्यावर, फक्त तेव्हा पाणी एवढं की काठ कुठला हे कळत नव्हतं, देऊळ पाण्याखाली, झाडांचे शेंडे, विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली. आणि ती अशीच तळाशी बसली असणार, फळीवर बसणं शक्यच नव्हतं, अशीच पोट आवळून, आणि वर कुणीतरी वल्हं मारत होतं आणि तिला कळ येत होती. इतक्या वर्षांत त्यानं याचा कधी विचार केला नव्हता. तिला नावेनं काढली, एवढं एक वाक्य त्याच्याकडं होतं. त्या वाक्यात पाणी नव्हतं. ती नावेला हसायची, त्याला चिडवायची, म्हणून त्याला वाटायचं तिला भीती म्हणून नाहीच. नाव मध्यावर आली. इथंच कुठंतरी मेहुण्याचा हात वर झाला होता. त्यानं बाजूच्या फळीवरून डोकं वर काढून पाण्याकडं बघितलं. पाणी हिरवं होतं. भीती एका गुंजेनंही कमी झाली नव्हती, पण तो बघत राहिला. राजवीर पुढं वाकून पाण्यात बोटं बुडवत होता. "हात आत," असं तो म्हणणार होता. त्याऐवजी त्यानं फळी घट्ट धरली.

पलीकडच्या काठाला नाव वाळूत घुसली आणि थांबली. इचलकरंजीकर उड्या मारत उतरले आणि सतरंजीला जागा शोधत उसाच्या कडेकडेनं गेले. विश्वजित उतरला आणि ओल्या वाळूत चार पावलं चालून खाली बसला. राजवीर लगेच शिंपले गोळा करायला लागला. पट्टा विश्वजितच्या मनगटाला अजून लोंबत होता, दुसरं टोक वाळूत. क्रांती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ओल्या चपला तिनं हातात घेतल्या होत्या.

"पप्पा, फिटला."

"काय?"

"आईचा नवस. आता सांगितला तर चालतोय." ती पाठ केलेलं बोलल्यासारखं बोलली. "आई नावेत म्हणली, देवा, ह्यातनं सोडव, क्रांतीच्या पप्पाला मी नावेत बसवतो. बाळासकट. तुज्या दारातनं पलीकडं."

त्याला आधी कळलंच नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. मागनं. मला झोपवताना सांगायची की, पुराची गोष्ट. मी इचारलं, असला कसला नवस? नारळ बोलायचा, पेढे बोलायचे. तर म्हणली, सोपं बोललं तर देव ऐकत न्हाय. लई अवघड असलं पायजे. आणि ह्येच्यापेक्षा अवघड मला काय सुचलं न्हाय."

विश्वजितच्या तोंडातून एक आवाज आला. तो हसण्याचा असावा. त्याला ती दिसली, पुरात, कळांच्या मधे, देवाला काय द्यावं म्हणून घरातलं सगळं डोळ्यांसमोर आणून बघणारी, सोनं नको, उपास नको, आणि मग तिला हा सापडला. दगडासारखा पुलावर उभा राहणारा. पोर पेटीत असताना, घरी आल्यावर, दर रविवारी, चला की म्हणताना ती हसत असायची. त्या हसण्याचं कारण त्याला आज कळत होतं. आणि मग त्याला वाटलं, पोरगी हे बनवून तर सांगत नसेल? आपल्या रोजच्या धास्तीला कंटाळून? त्यानं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. आईसारखं कपाळ, आईसारखीच खालच्या ओठाची घडी. काही कळलं नाही. ज्याला विचारायचं ते माणूस नव्हतं. त्यानं डोळे पुसले, हाताला वाळू होती, ती डोळ्यांत गेली.

"एवढे दिवस सांगायचं न्हाईस? आपण कुटं कुटं फिरलो. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, क्रांती."

"फिटायच्या आत सांगितला तर लागत न्हाय." पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरली. "आणि सांगितलं असतं तर तुमी बसला असता व्हय?"

नसता बसला. त्यानं मान हलवली. मग तिनं जे इतका वेळ धरून ठेवलं होतं ते विचारलं, त्याच्याकडं न बघता, भावाकडं बघत. "आता फिटला. मग रविवारी दुकान उघडणार?"

त्याला मसाईचं पठार आठवलं. फुलांत हात पसरून पडलेली पोरगी, आणि आपण काठीनं गवत आपटत होतो. फिटला का, म्हणून दर वेळी विचारणारी, आणि नाही म्हटल्यावर खिडकीबाहेर बघणारी. तिलाही धास्ती होती तर. त्याच्या धास्तीच्या बरोबर उलटी. ती एकाच गाडीत, त्याच्या शेजारी बसून, सगळ्या वाटा जाऊन येत होती. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात काठावरनं गुंडूनं हाक मारली, "पावणं! परतीला येणार का? का सासुरवाडीला मुक्काम?" ओम्नी पलीकडं होती. पुलावरनं चालत गेलं असतं तर वळसा पडला असता, पण जाता आलं असतं. विश्वजितनं तिकडं, पुलाच्या दिशेनं, एकदा बघितलं. मग मनगटाचा पट्टा सोडला, गुंडाळला, खिशात घातला आणि उठला. राजवीर शिंपल्यांनी खिसे भरून धावत आला.

नावेकडं जाताना क्रांतीनं त्याचं बोट धरलं.

"पप्पा, मी पण एक बोललोय."

त्याचं पाऊल थांबलं. "कवा?"

"आत्ता. येताना. नावेत."

"काय बोललीस?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं की एवढंही कळू नये का. "सांगायचं नसतंय."

"कुठल्या देवाला, एवढं तर सांग. कुणासाठी?"

तिनं नुसतं बोट ओढलं. एक फिटला नाही तोवर दुसरा, आणि हा फेडायचा कुठं, कसा, कधी, काही माहीत नाही. गुंडू बांबू रोवून उभा होता. पाणी बुटांना लागलं. त्यानं राजवीरला उचलून आत ठेवलं.

"बरं, अवघड तरी हाय का?" त्यानं विचारलं.

क्रांतीनं त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, भिजलेले बूट, वाळूनं भरलेली पॅन्ट, फळीला घट्ट धरलेला हात.

"तुमच्यासाटी, लई," ती म्हणाली आणि त्याच्या आधी नावेत चढली.